पागोळ्यांखाली

"आई, हे काय करतेयस तू?"

शाल्मलीचा आवाज मागून आला तेव्हा माझा गडू अर्धा रिता झाला होता. चपला बाजूला काढून मी चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी उभी होते. एप्रिल असूनही दगड बर्फासारखे होते, पाय बधिर झाले होते. अर्ध्यात थांबायचं नसतं, म्हणून उरलेलं पाणी सावकाश सोडलं, हात जोडले आणि मग वळले.

"पाणी सोडलं. रोजचं."

"रोज? इथं?"

"आल्यापासून. आज सोळावा दिवस. तुझ्या घरात पायाखाली येणार नाही अशी जागाच नाही गं. इथं भिंतीच्या कडेनं कुणी चालत नाही."

तिनं कपाळाला हात लावला. "आई, या भिंतीत ओल शिरते म्हणून तर मला इथं बोलावलंय. दोन वर्षं मी ही भिंत कोरडी कशी करायची याचे आराखडे काढतेय. आणि माझी सख्खी आई रोज सकाळी उठून तिच्याच पायात पाणी ओततेय!"

"गडूभर पाण्यानं काय होतंय?"

"आठशे वर्षं सगळे हेच म्हणत आले असणार," ती म्हणाली आणि मग तिलाच हसू आलं. "चल आत. चहा तरी घेतलास का?"

"पाणी सोडल्याशिवाय मी चहा घेते का कधी?"

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. हे गेल्यावर कुरुंदवाडच्या घरात मी एकटी उरले होते, तेव्हा शाल्मलीनं हट्टानं मला तीन महिने फ्रान्सला नेलं. जुन्या इमारती दुरुस्त करणारी ती वास्तुतज्ज्ञ. बर्गंडी नावाच्या मुलखातल्या एका लहानशा गावातल्या चर्चचं काम तिच्याकडं होतं, आणि चर्चच्या समोरच तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. गावाचं नाव माझ्या जिभेला अखेरपर्यंत वळलं नाही. साठ-सत्तर घरं. त्यातल्या निम्म्यांच्या खिडक्या कायमच्या बंद. शाळा बंद, दुकान बंद. पाद्रीसुद्धा तीसेक गावांना मिळून एकच, त्यामुळं प्रार्थना दोन महिन्यांतून एकदा. बाकीचे दिवस देव आत एकटा, मी समोर एकटी.

शाल्मली सकाळी कामाला जायची ती संध्याकाळी यायची. पूजा, पोथी, जप, सगळं करूनही घड्याळात दहाच वाजलेले असायचे. मग मी खिडकीशी बसून चर्चकडं बघत राही. बुटकं, जाडजूड, शेतकऱ्यासारखं बसकं देऊळ होतं ते. देऊळच म्हणायचे मी. छपराला कौलं नव्हती. हाताएवढ्या चपट्या दगडी फरश्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्यावर शेवाळ. छपराला पन्हळ नव्हती. पाऊस झाला की पागोळ्या थेट भिंतीच्या कडेला जमिनीवर पडायच्या, आणि तिथल्या मातीत एक लांब उथळ चर पडला होता. मी पाणी सोडायची ते त्या चरातच, कोपऱ्याजवळ.

तिथंच मला ओदेतबाई भेटल्या.

भेटल्या म्हणजे काय, दिसल्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत चालणाऱ्या, अंगात निळा अंगरखा. चर्चची किल्ली त्यांच्याकडं असायची. वीतभर लांबीची लोखंडी किल्ली, कमरेच्या दोरीला बांधलेली. सकाळी दार उघडायचं, दुपारी बाराला हातानं दोर ओढून घंटा द्यायची, संध्याकाळी दार लावायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. पहिल्या सकाळी त्या दाराशी उभ्या राहून माझ्याकडं बघत राहिल्या. मी चपला काढल्या, पाणी सोडलं, हात जोडले. मला वाटलं, परक्या धर्माची बाई आपल्या देवाच्या दारात काय करतेय म्हणून रागावल्या असतील. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेले. तर त्या आधीच दाराशेजारच्या बाकावर बसलेल्या.

चौथ्या दिवशी भिंतीपाशी पत्र्याची एक झारी ठेवलेली दिसली. पाण्यानं काठोकाठ भरलेली. ओदेतबाईंनी काठीनं झारीकडं खूण केली, मग माझ्याकडं.

"अहो, मला गडू पुरतो," मी मराठीत म्हणाले. दुसरी भाषा कुठून आणू?

त्या फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या. बहुधा, "असू दे" असंच.

मग मी माझा गडू रिता केला, आणि त्यांनी झारी उचलून चार हात पलीकडं, कोपऱ्यापासून तिसऱ्या दगडापाशी, तिची धार धरली. झारी त्यांना पेलत नव्हती. मी झारीच्या बुडाला हात लावला. दोघींनी मिळून ती रिती केली. मला वाटलं, बाईंना तिथं फुलझाडं लावायची असतील.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. बाकावर शेजारी बसायचं. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी माझ्या. "आज थंडी फार हो," मी म्हणायची. त्या मान डोलवायच्या. "लेक रात्री उशिरापर्यंत कागदात डोकं घालून बसते, जेवायचं भान नाही." त्या पुन्हा मान डोलवायच्या आणि स्वतःचं काहीतरी लांबलचक सांगायच्या. मीही डोलवायची. तीन महिन्यांत मी एवढं कुणाशी बोलले नसेन.

एकदा त्यांनी मला आत नेलं. गाभाऱ्यात डावीकडच्या, म्हणजे उत्तरेच्याच भिंतीवर एक चित्र होतं. निळी ओढणी घेतलेली आई आणि मांडीवर बाळ. पाचशे वर्षांपूर्वी कुणी काढलेलं. कधीकाळी वर चुना फासला गेला होता, तो हल्लीच खरवडून काढला होता. आईचा चेहरा शाबूत होता, पण खालून ओल चढत आली होती आणि बाळाचे पाय गळून पडले होते. तिथं नुसता पांढरा भुसा. मी हात जोडले. ओदेतबाई चित्राकडं न बघता वेदीच्या दगडाकडं बघत होत्या. मधोमध झिजून खोलगट झालेला दगड. त्यावर त्यांनी तळहात ठेवला, लेकराच्या पोटावर ठेवावा तसा, आणि उचलला.

संध्याकाळी मी शाल्मलीला चित्राचं विचारलं.

"वाचेल ना गं ते?"

"वाचेल, जर या उन्हाळ्यात काम झालं तर. छपराला पन्हळ लावायची, म्हणजे पाणी भिंतीलगत पडणार नाही. आणि उत्तरेच्या अंगाला भिंतीला लागून कमरेइतका खोल चर खणून त्यात खडी भरायची, म्हणजे जमिनीतली ओल वर चढणार नाही. सोपं आहे. पण ती तुझी मैत्रीण!"

"काय केलं तिनं?"

"सोमवारी गवंडी आले. बाई किल्ली देईना, आणि आतून चित्राला आधार दिल्याशिवाय बाहेर खणता येत नाही. सरपंच स्वतः गेला विनवायला." त्या गावच्या मेअरला आम्ही सरपंचच म्हणायचो. "म्हणते, दक्षिणेला हवं ते करा, उत्तरेला फावडं लावाल तर मी चरात आडवी पडेन. का, ते सांगत नाही. सरपंच म्हणतो, म्हातारीचं डोकं फिरलंय, कुलूप फोडू. मला ते नकोय. शुक्रवारपर्यंत काम सुरू नाही झालं तर गवंडी दुसरीकडं जातील आणि वर्ष जाईल. त्या बाळाचे गुडघेसुद्धा राहणार नाहीत वर्षभरात."

ती दमली होती. पुढं म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर? तुझ्याकडं बघून तरी बोलेल."

गुरुवारी सकाळी आम्ही ओदेतबाईंच्या स्वयंपाकघरात गेलो. शेगडी पेटलेली, भिंतीवर खिळ्याला ती किल्ली. त्यांनी शाल्मलीपुढं वाडग्यात कॉफी ठेवली आणि सफरचंदाची पोळीसारखी काहीतरी भाजलेली वस्तू. माझा उपास होता. शाल्मलीनं तसं सांगितलं, तर काही न विचारता त्यांनी एक सफरचंद धुऊन, पुसून माझ्या हातात दिलं.

शाल्मलीनं कागद पसरला, पेन्सिलीनं दाखवत समजावायला सुरुवात केली. ओदेतबाईंनी कागद घडी करून बाजूला ठेवला. आणि माझ्याकडं बघून बोलायला लागल्या. शाल्मली मागोमाग मराठीत सांगत होती.

"म्हणते, सरपंचाला मी सांगितलं नाही. त्याच्या बापालाही नाही. पण तुमच्यासमोर बोलायला हरकत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आई, तुला काय ठाऊक आहे?"

"मला कुठं काय ठाऊक?"

ओदेतबाई पुढं बोलू लागल्या. हळू, एकेक वाक्य, मधे शाल्मलीसाठी थांबत.

"या चर्चला पूर्वी लांबलांबून लोक यायचे. मेलेली मुलं घेऊन. म्हणजे, जन्मतानाच गेलेली. यांच्यात डोक्यावर पाणी घालून नाव ठेवलं नाही तर मूल देवाच्या दारात जात नाही, त्याला पवित्र जमिनीत पुरतही नाहीत. पण मेलेल्या मुलाचं नाव ठेवता येत नाही. मग ते वेदीच्या दगडावर ठेवायचे. सगळ्या बाया भोवती बसून प्रार्थना करायच्या. ओठांवर कोंबडीचं पीस ठेवायचं. दिवस जायचा, कधी दोन दिवस. पीस जरा हललं, गालावर जरा रंग दिसला, की जिवंत आहे म्हणायचं, चटकन पाणी घालायचं, नाव घ्यायचं. मग ते पुन्हा मरायचं."

शाल्मली थांबली. "आई, हे मी पुस्तकात वाचलंय. खरंच होतं असं." मग पुन्हा ओदेतबाईंकडं वळली.

"पण सगळ्यांचं पीस हलायचं नाही. त्यांना मग बाया भिंतीच्या कडेला पुरायच्या. पागोळ्यांखाली. देवाच्या छपरावरून जे पाणी उतरतं ते पवित्र पाणी. पाद्री घालत नाही तर छप्पर घालेल. प्रत्येक पावसात."

शेगडीतलं लाकूड तडकलं.

"माझा एकोणीसशे त्रेपन्नचा," शाल्मली आता अगदी खालच्या आवाजात सांगत होती. "तेव्हा पीसबीस कुणी मानत नव्हतं. पाद्री म्हणाला, नाही. मी अंथरुणावर होते. सासूनं पहाटे त्याला नेलं, तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं तसं. परत येऊन माझ्या कानात म्हणाली, कोपऱ्यापासून तिसरा दगड. बस, एवढंच. नवऱ्यालाही आम्ही सांगितलं नाही. पुढं मूल झालं नाही. पन्हळ लावलीत तर त्याच्यावर पाणी पडायचं नाही. चर खणलात तर..."

वाक्य शाल्मलीनं पुरं केलं नाही. ओदेतबाईंनीही केलं नसावं.

मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. शाल्मली हसली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून फ्रेंचमध्ये काही म्हणाली. ओदेतबाईंनी मान हलवली. पुन्हा तेच विचारलं.

"काय म्हणतायत?"

"काही नाही. तुमचं काय, मुलगा की मुलगी, असं विचारतेय. मी म्हटलं, ही काय, मीच. तर म्हणते, ही नव्हे." शाल्मलीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणते... ज्याच्यासाठी तुम्ही पाणी घालता, ते."

मी सफरचंद मांडीवर ठेवलं. चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या भाषेत कुणी विचारलं नव्हतं, ते दुसऱ्या मुलखातल्या म्हातारीनं माझ्याच लेकीच्या तोंडून विचारलं.

"मुलगी," मी म्हणाले.

शाल्मलीनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. ओदेतबाईंनी माझं मनगट सोडलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक शब्द विचारला आणि शाल्मलीनं माझ्याकडं न बघता तो मराठीत आणला.

"कुठं आहे?"

"मला ठाऊक नाही गं," मी म्हणाले. "कुणी सांगितलं नाही मला."

घरी परतताना शाल्मली दोन पावलं पुढं चालत होती. आत आल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"कधी?"

"तुझ्याआधी चार वर्षं. आठव्या महिन्यात. घरीच झालं. मी ओठ पाहिले तिचे, एवढंच. जांभळ्या रंगाचे. मग सासूबाईंनी मऊ लुगड्यात गुंडाळलं, आणि मामंजी आणि शेजारचे अण्णा घेऊन गेले. नदीकडं की मळ्याकडं, मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, झालं गेलं, पुन्हा नाव काढायचं नाही. माझ्या भल्यासाठीच म्हणाल्या. आणि नाव तरी काय काढणार? बाराव्या दिवसापर्यंत राहिली असती तर नाव ठेवलं असतं."

"आणि पाणी?"

"जागा ठाऊक असती तर तिथं जाऊन घातलं असतं. ठाऊक नाही, म्हणून जिथं असेन तिथं. घरात सगळ्यांना वाटायचं, सूर्याला अर्घ्य देते. सासूबाई तर कौतुकानं सांगायच्या चारचौघींत, आमची सून मोठी नेमाची."

"बाबांना ठाऊक होतं?"

"मूल त्यांचंही होतंच की."

"तसं नव्हे. पाणी कशासाठी, ते."

"त्यांनी कधी विचारलं नाही." मी सफरचंद या हातातून त्या हातात घेतलं. "पण परगावी कुणाकडं उतरलो, की सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत गडू भरून ठेवलेला असायचा."

शाल्मली रडली नाही. ती चिडली होती असं मला वाटतं. "मला तरी सांगायचंस," म्हणाली आणि बाहेर निघून गेली. मी सफरचंद देवापुढं ठेवलं. दिवसभर मला काही सुचलं नाही. एवढी वर्षं जे पदराआड जपलं ते आता उघड्यावर होतं, आणि घरात बोलायला कुणी नव्हतं.

दुपारी खिडकीतून पाहिलं तर ती चर्चच्या भिंतीपाशी फीत धरून मापं घेत होती. आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत. संध्याकाळी टेबलावर नवा कागद होता.

"चित्र कोपऱ्याच्या अलीकडं आठ फुटांवर संपतं," ती कागदाशीच बोलल्यासारखं बोलली. "पुढं आत नुसता दगड आहे. तो ओला राहिला तरी शेकडो वर्षं राहील. पन्हळ चित्रापुरती लावायची, शेवटचे आठ फूट मोकळे सोडायचे. चर भिंतीलगत खणायचाच नाही. उत्तरेच्या पूर्ण अंगाला सहा हात लांबून न्यायचा, जास्त खोल. काम थोडं वाढेल."

"सरपंच विचारेल, का म्हणून."

"लिहिलंय. भिंतीच्या कडेला थडगी असण्याचा संभव आहे, सबब तिथं खोदकाम करू नये."

"ते खोटं तर नाही?"

"नाही. किती जुनी, ते लिहिलेलं नाही, एवढंच."

शुक्रवारी सरपंच पुष्कळ कुरकुरला. आठ फुटांनी काय आभाळ कोसळणार आहे, म्हणाला. शाल्मली त्याच्यासमोर तासभर ताठ उभी होती. शेवटी त्यानं सही केली. ओदेतबाईंनी कागदावरचे ते मोकळे आठ फूट बोटानं दोनदा मोजले, मग खिळ्यावरची किल्ली काढली. शाल्मलीनं हात पुढं केला होता. त्यांनी ती माझ्या हातात दिली. केवढी जड होती!

निघायच्या दिवशी सकाळी मी पुन्हा भिंतीपाशी गेले. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. पन्हळीतून पाणी खळखळत दूर जात होतं आणि कोपऱ्यातल्या आठ फुटांत अजून पागोळ्या गळत होत्या. ओदेतबाई झारी घेऊन उभ्या होत्या. शाल्मली सामान भरत होती, मधे भाषा सांगायला कुणी नव्हतं.

त्यांनी काठीचं टोक तिसऱ्या दगडापाशी टेकवलं. मग एक हात बाजूला, चौथ्या दगडापाशी आणलं. तिथं मातीवर काठीनं एक लहानशी रेघ ओढली. माझ्या गडूकडं बघितलं.

मला कळायला वेळ लागला. कळलं, तेव्हा मी चपला काढल्या आणि खाली बसले. चौतीस वर्षं उभ्यानं पाणी सोडत आले होते. त्या दिवशी बसून घातलं, जमिनीच्या अगदी जवळून, जसं लेकराला न्हाऊ घालताना घालतात.

ओदेतबाई पाच वर्षांपूर्वी गेल्या. शाल्मली आता दुसऱ्या गावी असते, पण वाट वाकडी करून कधीमधी तिथं जाते. फोनवर सांगते, बाळाचे गुडघे तसेच आहेत, आणि कोपऱ्यात पाणी पडतंय. ते गाव आमच्या परसदारापासून कोणत्या दिशेला, तेवढं मी तिला एकदा विचारून घेतलंय. आम्ही याहून जास्त बोलत नाही.

माझा नेम चालू आहे. अंघोळ झाली की परसदारी जाते, गडूभर पाणी घेऊन बसते. मध्ये शेजारच्या कुंभारांची सून कुंपणावरून बघत होती. न राहवून म्हणाली, "काकू, सूर्य तर इकडं उगवलाय. तुम्ही वायव्येला तोंड करून काय बसता?"

"असू दे गं," मी म्हणाले, आणि पाणी सोडलं.